मागे घेतलेली कादंबरी

१

"तुम्ही? तुम्ही तर कादंबरी मागे घेतली होतीत ना?"

इमोजेन सॅलोनं हे विचारलं तेव्हा व्हर्ना टॉली अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. होबार्टच्या साहित्य मेळाव्यात मेलबर्नची ही एजंट, लेखकांची हस्तलिखितं प्रकाशकांकडे नेणारी, नवख्या लेखकांना भेटायला आली होती, माणशी दहा मिनिटं. व्हर्नानं त्या दहा मिनिटांसाठी आठवडाभर बस चालवता चालवता पाठांतर केलं होतं. 'माझं नाव व्हर्ना टॉली, माझी कादंबरी शहाण्णव हजार शब्दांची आहे, शेडमध्ये सफरचंदं खोक्यांत भरणाऱ्या बायकांची आहे...' त्यातला एकही शब्द तिला आता आठवेना.

"मागे? मी कधी मागे घेतली?"

"'राखेतली सफरचंदं' तुमचीच ना? ह्युऑन खोरं, वणव्यानंतरचं वर्ष, शेडमधल्या बायका. पहिली तीन प्रकरणं मी एका बैठकीत वाचली. गेल्या वर्षी नऊ मार्चला कळवलं, पूर्ण कादंबरी पाठवा. बारा मार्चला तुमचं हे उत्तर."

इमोजेननं फोन पुढे सरकवला.

'राखेतली सफरचंदं. सामाजिक कादंबरी. एक लाख बत्तीस हजार शब्द.

प्रिय श्रीमती सॅलो, मला दुसऱ्या एजंटनं स्वीकारलं असल्यानं ही कादंबरी मी मागे घेत आहे. तसदीबद्दल क्षमस्व. व्हर्ना टॉली.'

व्हर्नाची नजर त्या शेवटच्या दोन शब्दांवरून हलेना. तिचंच नाव. तिच्याच ईमेलवरून गेलेलं.

सदतीस एजंटांनी तिला नाही म्हटलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी तर 'नाही' म्हणण्याचे कष्टही घेतले नव्हते. या धंद्याची रीतच तशी. पाठवा आणि वाट बघा. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर तोच नकार समजा, आणि चौकशी करू नका. इमोजेनकडूनही काही आलं नव्हतं. म्हणून तीन महिने भरताच व्हर्नानं मुकाट्यानं वहीत लिहिलं होतं, 'एकविसावा नकार'.

तो नकार नव्हताच. होकार उंबरठ्यापर्यंत आला होता आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"सगळे तसंच म्हणतात," इमोजेन म्हणाली. आवाजात दुष्टावा नव्हता, दमणूक होती. "खरं सांगते, मला राग आला होता. दोन एजंट मैत्रिणींना मी म्हटलंही, ही बाई लोकांना खेळवते." तिनं फोन मागे ओढला. "ती प्रकरणं मी विसरले नाही म्हणून बोलते. रविवारी दुपारी माझं विमान आहे. त्याआधी हे दुसऱ्या कुणी लिहिलंय असं मला दाखवा. दाखवलंत तर सगळी कादंबरी हातात घेऊन जाईन. नाही दाखवलंत, तर आपली ओळख इथंच संपली."

त्या दिवशी शुक्रवार होता.

२

शनिवारी पहाटेच्या बसला नेहमीचा एकच उतारू होता, फिलोमिना क्वर्क. रोज सहा चाळीसला ती दाराजवळच्या बाकावर बसायची, चर्चच्या थांब्यापर्यंत जपमाळ ओढायची, उतरताना "देव तुझ्या चाकांना सांभाळो" म्हणायची. टपाल खात्यात तीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, हरवलेली पत्रं शोधायची.

आज तिनं माळ खिशात ठेवली. "व्हर्ना, गेल्या तीन वळणांवर तू ब्रेक लावला नाहीस, लाथ मारलीस. काय झालं?"

व्हर्नानं चालवता चालवता सगळं ओकून टाकलं. चर्चच्या, म्हणजे शेवटच्या थांब्यावर तिनं गाडी उभी केली. "एकदा तो माणूस माझ्या हाती लागू दे, फिल. एकदा लागू दे."

"तुझी पत्रं कोण उघडतं?" फिलनं विचारलं.

व्हर्ना म्हणाली, "आम्ही एकमेकांची उघडतो."

ही त्यांच्या गुरुवारच्या मंडळाची पद्धत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जण जमायचे, चौघेही कादंबरी लिहिणारे आणि चौघेही नाकारलेले. स्वतःचा नकार स्वतः उघडायचा धीर होत नाही, म्हणून त्यांनी चार वर्षांपूर्वी ठरवलं की आपला ईमेल आपण उघडायचाच नाही. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहिलेले. दर गुरुवारी चारच्या सुमाराला ज्याची पाळी असेल त्यानं सगळ्यांचे ईमेल उघडायचे आणि आलेला नकार हलक्या आवाजात वाचून दाखवायचा. मग मंडळातल्या रॉझचा लिंबाचा केक.

"आणि बारा मार्च गुरुवार होता," फिल म्हणाली. ती कधीच आवाज चढवत नसे. "म्हणजे तिघांतलं एक. मला ती पाळीची वही हवी. तू एजंटांना पाठवलेली पत्रं हवीत. आणि एक आधीच सांगते. माझं रोजचं व्रत तुला ठाऊक आहे."

ते सगळ्या बसला ठाऊक होतं. जे तोंडावर बोलता येणार नाही ते पाठीमागे बोलायचं नाही.

"म्हणजे तुला कळलं, तरी तू मला नाव सांगणार नाहीस?"

"तो माणूस समोर बसल्याशिवाय नाही."

"मग मला तुझ्यावरही राग येणार."

"येऊ दे. बसचे दरवाजे उघड आता, प्रार्थना सुरू होईल."

३

वहीत बारा मार्चपुढे अक्षर होतं 'डे'. डेस्मंड हार्कवे, निवृत्त शिक्षक, तिरकस जिभेचा. व्हर्ना त्याच्या अंगणात शिरली ती फिलच्या चार पावलं पुढे.

"तूच! तूच म्हणाला होतास ना, सफरचंदं भरणाऱ्या बायकांची गोष्ट कोण वाचणार?"

"म्हणालो होतो. अजूनही म्हणतो." डेस्मंड गुलाबाची छाटणी करत होता. "आरोप काय आहे ते तरी कळू दे. फाशी देताना सांगायची पद्धत आहे."

फिलनं शांतपणे सांगितलं. डेस्मंडच्या हातातली कात्री थांबली.

"बारा मार्चला माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाई. पट्टी बांधून घरी पडलो होतो. वहीतली अक्षरं आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतो. मी वाचनालयात फोन केला, माझी पाळी कुणीतरी घ्या म्हणून. फोन कुणी उचलला ते आठवत नाही, औषधाची गुंगी होती."

"सोयीची गुंगी!" व्हर्ना म्हणाली.

"व्हर्ना टॉली," तो म्हणाला, आणि आता त्यालाही राग आला होता. "तुझ्या कादंबरीतले छत्तीस हजार शब्द मी कापले. आजोबा कापला, लंगडा कुत्रा कापला, दोन लग्नं कापली. तू रडलीस, मग त्या मार्चआधीच्या नाताळला नवी प्रत तिघांना वाटलीस. मला तुझी कादंबरी मारायची असती तर मी लाल पेन्सिलीनं, तुझ्यासमोर, उजेडात मारली असती. चोरून मारायला मी काय समीक्षक आहे?"

फिल हसली नाही. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला. "त्या एजंटला व्हर्नासाठी एक पत्र लिहून द्याल? ही कादंबरी हिनं मागे घेतली नव्हती, एवढंच. सही करून."

"हे मागायला इतका आरडाओरडा कशाला हवा होता?" म्हणत डेस्मंड ओट्यावर टेकला आणि भराभर लिहायला लागला.

४

मंडळातला यूअन मॉसप बेलरीवच्या फेरीबोटीवर दोरखंड सांभाळायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो धक्क्यावर कालवं भरलेला पॅटिस खात उभा होता.

"फोन मी नाही घेतला. बारा मार्चला मी सहापर्यंत बोटीवर होतो, हजेरी बघा हवं तर."

"उत्तर चार वाजून दहा मिनिटांनी गेलंय," फिल म्हणाली. "खिशात फोन असला तर बोटीवरूनही जाईल."

"जाईल की," यूअननं सरळ मान्य केलं. "पण मी कशाला करू? हिची नवी प्रत मी या बोटीवर दोनदा वाचली. त्या शेडमध्ये माझी आई होती, व्हर्ना. ते पुस्तक निघालं असतं तर मी तिच्या थडग्यावर नेऊन ठेवणार होतो." त्याचे कान लाल झाले. "कोण आहे तो हरामखोर, सांगा फक्त. डरवेंट नदीचं पाणी सप्टेंबरात मस्त गार असतं."

त्यानंही तेलकट हात पँटला पुसून पत्र लिहून दिलं.

रॉझ टिपेटकडे जावंच लागलं नाही. दुपारी व्हर्ना फिलला घेऊन घरी पोहोचली तर रॉझ केकचा डबा घेऊन दारात उभी. वीस वर्षांची मैत्रीण. तिनं व्हर्नाला घट्ट मिठीत घेतलं.

"मेळाव्यात कळलं गं मला. कोण इतकं नीच असेल? तो डेस्मंडच. त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही."

"त्याच्या डोळ्याला पट्टी होती म्हणे."

"दुसरा डोळा होता ना!" रॉझनं केक कापला. "आणि इतकी सुंदर कादंबरी! गेल्याच आठवड्यात तुझी नवी प्रत पुन्हा वाचली. तो लंगडा कुत्रा राखेत मालकिणीचा बूट शोधतो ना, तिथं मला दर वेळी हुंदका येतो."

त्या कुत्र्यासाठी व्हर्नाही पुष्कळ रडली होती. तिला पुन्हा भरून आलं. खिडकीशी बसलेल्या फिलनं मात्र हातातला कप बशीत ठेवला.

"रॉझ, तूही एक पत्र लिहून देशील?"

"एक काय, दहा देते."

रॉझ लिहीपर्यंत फिल व्हर्नाचं जुनं बाड चाळत राहिली. मग तिनं विचारलं, "व्हर्ना, तुझ्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ही एकच ओळ का? नाव, प्रकार, शब्दसंख्या."

"तो टिळा आहे," व्हर्ना कडवटपणे म्हणाली. "पहिली ओळ तशी नसेल तर एजंट पुढचं वाचतही नाही. सगळ्यांनाच सवय लागते. परवा शेजारणीला मांजराला दूध घाल म्हणून चिठ्ठी लिहिली, तरी हात आधी तिकडेच गेला."

रॉझही हसली आणि सही करून कागद फिलच्या हातात दिला. फिलनं तो दोन क्षण पाहिला, घडी घातली आणि उठली.

"उद्या सकाळी आठला चौघांनी इथंच यायचं. प्रार्थना आटोपून मी येतेच."

दारात व्हर्नानं तिची बाही धरली. "कळलं तुला. तुझ्या तोंडावर दिसतंय. सांग."

"उद्या आठला."

"फिल, मी रात्रभर जागी राहीन!"

"मग माझ्यासाठीही एक प्रार्थना म्हण," फिल म्हणाली आणि निघून गेली.

५

रविवारी आठला व्हर्नाच्या स्वयंपाकघरात चहाला कुणी हात लावला नाही. फिलनं टेबलावर चार कागद मांडले, इमोजेनला गेलेलं, तिच्याकडूनच मागवून घेतलेलं बनावट पत्र आणि काल लिहून घेतलेली तीन.

"मागे घेण्याच्या पत्रात काय हवं? नाव आणि दोन ओळी," ती म्हणाली. "प्रकार नको, शब्दसंख्या तर नकोच. टपालखात्यातला कुणी हे पत्र लिहिता तर ती ओळ त्याला सुचलीच नसती. ती लिहिली कारण हात सवयीचा गुलाम होता. म्हणजे लिहिणारा माणूस पन्नास एजंटांची दारं ठोठावून आलेला आहे."

"ते आम्ही चौघेही आहोत," डेस्मंड म्हणाला.

"हो. म्हणून काल मी तुमच्याकडून पत्रं घेतली. मला मजकूर नको होता. डेस्मंड, तुमची पहिली ओळ: राखेतली सफरचंदं, सामाजिक कादंबरी, शहाण्णव हजार शब्द. यूअन, तुझीही तीच. शहाण्णव हजार. व्हर्नानं इमोजेनला पाठवलेल्या पत्रातही शहाण्णव. कारण त्याआधीच्या नाताळला छत्तीस हजार कापले गेले होते, आणि नवी प्रत ज्यानं वाचली त्याच्या डोक्यात नवा आकडा बसला." तिनं बनावट पत्रावर बोट ठेवलं. "इथं एक लाख बत्तीस हजार आहे. जुन्या प्रतीचा आकडा. नवी प्रत कधी उघडलीच नाही अशा माणसाचा आकडा."

उरलेला एक कागद तिनं उलटा केला. रॉझच्या गोलसर अक्षरात पहिली ओळ होती. 'राखेतली सफरचंदं. सामाजिक कादंबरी. एक लाख बत्तीस हजार शब्द.'

"आणि कुत्रा," फिल हळूच म्हणाली. "रॉझ, नव्या प्रतीत कुत्रा नाही."

डोंगरावरून आलेल्या वाऱ्यानं खिडकीची काच तेवढी थडथडली.

"फोन मी घेतला होता," रॉझ म्हणाली. "तू शेजारच्या खोलीत कप विसळत होतीस, व्हर्ना. मी पत्र उघडलं. 'पूर्ण कादंबरी पाठवा.'" तिचा आवाज फाटला. "बावन्न पत्रं आलीत मला, बावन्न! एकानं, एकानं तरी मला पूर्ण मागितली का? मला वाटलं, तू जाशील. मग मी इथं केक कुणासाठी करू?"

"नवी प्रत का नाही वाचलीस?"

"पहिली वाचली तेव्हाच कळलं होतं, माझ्यापेक्षा चांगली आहे. अजून चांगली झालेली मला बघायची नव्हती."

व्हर्ना उठली. खुर्ची मागे कोसळली, ती तिनं उचलली नाही.

"त्यानंतर सोळा नकार आले मला, रॉझ. सोळा! प्रत्येकाला तू केक आणलास. माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. 'लागेल गं, एक दिवस नंबर लागेल' म्हणालीस. तो दिवस उजाडला होता आणि तो तू पुसलास! तुझ्या वाट्याचा नकार तू माझ्या ताटात का वाढलास?"

"मला माफ कर—"

"नाही!" व्हर्ना ओरडली. "आज नाही. कदाचित कधीच नाही."

रॉझनं आशेनं फिलकडे पाहिलं. जपमाळवाली बाई, ही तरी दया दाखवील. फिलनं तिच्यापुढे कोरा कागद सरकवला.

"तू काय केलंस ते इमोजेनला लिही. तू स्वतः."

रॉझनं पेन घेतलं. सवयीनं हात पहिल्या ओळीकडे गेला. नाव लिहिलं, प्रकार लिहिला आणि ती अडली. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "किती शब्द?"

"शहाण्णव हजार," व्हर्ना म्हणाली. "नीट लिही."

६

विमानतळावर इमोजेननं रॉझचा कागद उभ्यानंच दोनदा वाचला. व्हर्नानं आपल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून हस्तलिखित काढून तिच्या हातात ठेवलं. "सात आठवडे द्या मला," इमोजेन म्हणाली. "नक्की कळवीन. गप्प बसणार नाही."

परतताना फिल दाराजवळच्या बाकावर होती.

"आता तू मला सांगणार, माफ कर म्हणून," व्हर्ना म्हणाली.

"माफी हे माझं व्रत आहे, तुझं नव्हे. तू राग ठेव. फक्त पोटात ठेवू नकोस, कागदावर ठेव."

उत्तर सातव्या आठवड्यात, गुरुवारी आलं. व्हर्नानं शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये, चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं स्वतःचं पत्र उघडलं.

इमोजेननं कादंबरी शेवटपर्यंत वाचली होती. 'दीड वर्षापूर्वी हाती आली असती तर मी डोळे मिटून घेतली असती. गेल्या हिवाळ्यात मी वणव्यातल्या बागांवरची दुसरी एक कादंबरी घेतली. एकाच विषयाची दोन पुस्तकं मला पेलणार नाहीत. तुमच्याबद्दल मी चुकीचं बोलले, हे त्या दोन एजंट मैत्रिणींना कळवलं आहे. त्यांना पाठवा. माझं नाव घाला.'

व्हर्नानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. एकदा, दोनदा, मग हात दुखेपर्यंत. ती दुसरी कादंबरी तिथं जाऊन बसली होती ती रॉझनं रिकाम्या ठेवलेल्या जागेवर. ते कुठल्याच कबुलीपत्रानं परत येणार नव्हतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. पासवर्डची वही यूअननं फाडून टाकली होती. व्हर्नानं पत्र उभं राहून, मोठ्या आवाजात वाचलं.

"केक नाही?" डेस्मंडनं विचारलं.

"नाही. आजपासून नकार कोरडाच गिळायचा." ती बसली. "डेस्मंड, तुझ्या अंगणात मी जे बोलले त्याबद्दल—"

"राहू दे. पत्र लिही. आणि लांबण लावू नकोस."

तिनं त्या दोघींना दोन पत्रं लिहिली. नाव, प्रकार, शहाण्णव हजार शब्द. खाली ठरलेला मजकूर, खाली सही. तरी तिनं पेन खाली ठेवलं नाही. सदतीस पत्रांत जे लिहायची तिची छाती झाली नव्हती, ती एक ओळ तिनं सहीच्या खाली दोन्ही पत्रांत लिहिली.

'तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर मी तो नकार समजणार नाही. फोन करीन.'